सॉफ्टबॉल स्पर्धा भरवताना

सॉफ्टबॉल स्पर्धा भरवणे म्हणजे केवळ मैदानावर फक्की टाकणे नव्हे. आठ संघ बोलावून बाद पद्धत ठेवली, तर सात सामन्यांत सारे आटोपते. परंतु चार संघ पहिल्याच सामन्यानंतर घरची वाट धरतात. रात्रभर एस.टी.ने प्रवास करून आलेल्या मुलींना केवळ सात डावांसाठी का बोलवावे?

त्याऐवजी चार-चार संघांचे दोन गट करावेत. साखळीचे १२, उपांत्य २ आणि अंतिम १, असे १५ सामने होतात; प्रत्येक संघाला निदान तीन खेळायला मिळतात. सामन्याला दीड तास धरला, तर एका मैदानावर साडेबावीस तास लागतील. म्हणून मैदाने दोन व दिवसही दोन हवेत.

एवढे काम एकट्या यजमानांना झेपत नाही. ज्या संघाचा सामना नसेल, त्याने गुणलेखन करावे, बाहेर गेलेले चेंडू आणून द्यावेत, बेसमधील ६० फुटांचे अंतर टेपने मोजावे. मात्र यजमानांच्या सामन्याला पंच आणि गुणलेखक बाहेरचेच असावेत. हरलेल्या संघाच्या मनात निकालाविषयी किंतू राहिला नाही, तरच पुढच्या वर्षी तो पुन्हा येईल. यजमानांची खरी कमाई हीच. चषक कोणीही नेवो!