मोकळी जागा, असं मी लिहिलं होतं

"साइट बघून झाली?"

"हो सर."

"किती वेळ बघितली?"

"दीड तास." सर नुसतेच हसले. आमची विकेट तिथंच पडली होती, पण ते कळायला एक रात्र जावी लागली.

2016चा पावसाळा, आर्किटेक्चरचं थर्ड इयर. आम्ही सहा जण लाल डब्यातून वणीला उतरलो होतो. ब्रीफ सोपं: सप्तशृंगी गडाच्या पायऱ्यांजवळ यात्रेकरूंसाठी विसावा डिझाइन करा. (सगळे 'वणीची देवी' म्हणतात, पण वणी गाव दिंडोरी तालुक्यात आणि गड कळवण तालुक्यात! नांदुरीहून घाट चढून वर जायचं. साइटबद्दलचा हा पहिला धडा कंडक्टरनं दिला.)

आम्ही टेप लावली, लेव्हल घेतल्या, नॉर्थ मार्क केली, दोनशे फोटो काढले. पायऱ्या पाचशेच्या आसपास, पण सहा जणांचे आकडे सहा! पायऱ्यांच्या खाली एक मस्त सपाट पट्टा होता. मी शीटवर झोकात लिहिलं, 'मोकळी जागा, वापरात नाही'. विसावा तिथंच, फिक्स!

दुसऱ्या दिवशी सरांनी टेप आणि कॅमेरे काढून घेतले. "एकेक जागा पकडा. तीन तास हलायचं नाही. दिसेल ते वेळ टाकून लिहा."

पहिला अर्धा तास मोबाइलची रेंज शोधण्यात गेला. मग हळूहळू दिसायला लागलं. लोक रुंद टप्प्यावर थांबतच नव्हते. थांबायचे ते भिंतीला पाठ टेकता येईल तिथं, हातातली पिशवी न वाकता ठेवता येईल तिथं. उतरणारी म्हातारी माणसं कठडा सोडत नव्हती. एक बाई प्रत्येक पायरीला हळद-कुंकू लावत चढत होती. 9.40ला माझ्यासमोर आली आणि 9.55ला जेमतेम दहा-बारा पायऱ्या वर होती. गर्दी तिला वळसा घालून जात होती. माझ्या सर्क्युलेशन डायग्राममधले बाण मात्र सगळे एकाच स्पीडचे!

विल्यम व्हाइट नावाच्या माणसानं न्यूयॉर्कच्या चौकांवर कॅमेरे लावून लोक कुठं बसतात ते बघितलं होतं. 1980च्या त्याच्या पुस्तकातला निष्कर्ष असा, की जिथं बसायला जागा असते तिथं लोक बसतात. वर्गात आम्ही यावर खो खो हसलो होतो. गडावर कुणी हसलं नाही.

तिसऱ्या तासाला नारळ विकणाऱ्या मावशींनी माझ्या शीटमध्ये डोकावून विचारलं, काय लिहिलंय? मी वाचून दाखवलं. "मोकळी?" त्या म्हणाल्या, "चैतात या भाऊ. पाय ठेवायला जागा ऱ्हात नाही इथं."

2017च्या चैत्रोत्सवात मी एकटाच गेलो. खानदेशातून पायी आलेली माणसं त्या पट्ट्यावर अंगाला अंग लावून झोपली होती. कडेला चुली, दगडांवर वाळत घातलेल्या साड्या, पाय चेपून घेणाऱ्या आज्या. माझा विसावा बांधला असता, तर यांना उठवावं लागलं असतं.

फायनल ज्युरीला मी तो पट्टा तसाच ठेवला. फक्त नळ, सावली आणि टेकायला बुटकी भिंत. "बिल्डिंग कुठाय?" असा प्रश्न आला. मार्क जेमतेम पासापुरते.

2018मध्ये गडावर फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली. नंतर एकदा जाऊन त्याच भिंतीपाशी बसलो. गुडघ्यांचा त्रास असलेली माणसं आता ट्रॉलीनं जातात, आणि ते बरंच झालं. पायऱ्यांवर मला दिसले ते नवसवाले आणि शर्यत लावणारी पोरं. म्हणजे माझी 2016ची वही आता जुनी झाली, पुन्हा बसायला हवं.

गेल्या महिन्यात ऑफिसात एका आयटी पार्कच्या फूड कोर्टचं काम आलं. बॉसनं सॅटेलाइट फोटो मेल केला, डेडलाइन शुक्रवार. मी दुपारी साडेबाराला साइटवर जाऊन बसलो. वॉचमननं दोनदा हटकलं. तिसऱ्यांदा तो जिन्याखाली स्वतःचा डबा उघडून बसला. प्लॅनवर तिथं 'स्टोअर' लिहिलं होतं. मी ते खोडलं.