डाळीचं पाणी

मांजरसुंब्याहून पाटोद्याच्या रस्त्याला लागलं की लिंबागणेश येतं. लोकांना हे गाव भालचंद्र गणपतीमुळे ठाऊक. मला आठवते ती आत्याच्या न्हाणीतली निळी बादली. निळी म्हणायची एवढंच. आतून ती पांढरी पडलीय, आणि तो थर नखानं खरवडूनही निघत नाही.

"बोअरचं हाय, लई जड पाणी," आत्या म्हणते. बालाघाटाच्या काळ्या खडकातून झिरपताना पावसाचं पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम बरोबर घेऊन येतं. मग साबण कितीही चोळा, फेस येत नाही. बादलीत नुसता चोथा तरंगतो. तुरीची डाळ सहा शिट्ट्या झाल्या तरी टणकच.

दिवाळीत गेलो तेव्हा पाणी तापवायची कॉइल साफ करायचं काम माझ्याकडे आलं. वायर काढून ठेवली, प्लास्टिकच्या मगात कोमट पाणी घेतलं, त्यात दोन चमचे लिंबूसत्त्व टाकलं आणि कॉइलचं वेटोळं तेवढं बुडवलं. लगेच सोड्याची बाटली फोडल्यासारखं फसफसलं. अर्ध्या तासात खपल्या सुटायला लागल्या. एक हातात घेतली: बाहेरून खरखरीत, आतून कॉइलच्या गोलाईची, गुळगुळीत. पाणी तापलं की त्यात विरघळलेला बायकार्बोनेट मोडतो, वायू उडून जातो आणि मागं उरतो हा चुना. म्हणजे पाणी उकळून, निवळून घेतलं की जडपणा थोडा उतरतो. सगळा नाही, सल्फेट-क्लोराइडचे क्षार उकळण्याला दाद देत नाहीत. तुरटी फिरवणारेही पुष्कळ आहेत, पण तुरटीनं गढूळपणा बसतो, जडपणा नाही. धुण्याचा सोडा मात्र खरंच उपयोगी, अर्थात कपड्यांपुरता.

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक (२०१२) लिटरमागे २०० मिलिग्रॅम कठीणपणा चालवतं; दुसरा स्रोतच नसेल तर ६००. त्यापुढं लोक आरओ बसवतात. घरगुती आरओ लिटरभर पाणी देताना बहुतेक वेळा दोन-तीन लिटर नळीवाटे सोडून देतो. टँकरची वाट बघणाऱ्या जिल्ह्यात ती नळी मोरीत सोडलेली पाहिली की मला राग येतो. निदान तिच्याखाली बादली ठेवा, फरशी तरी पुसून होईल.

आत्याकडं आरओ नाही, पत्रे आहेत. पावसाळ्यातल्या पहिल्या सरी ती पत्रे धुवायला सोडते, नंतरचं पाणी फडक्यातून टाकीत. चाळीस चौरस मीटर पत्र्यावर पंचवीस मिलिमीटर पाऊस पडला की हिशोबानं हजार लिटर होतात. हे पाणी ती पीत नाही, त्यानं अंघोळही करू देत नाही. मी तांब्या बुडवायला गेलो तर ओरडली, "आरं, डाळीचं पाणी हाय ते!"

त्या दिवशी वरण तीन शिट्ट्यांत शिजलं. टाकीत अजून हातभर पाणी होतं.