बुधवारची कोलंबोवारी

मुंबईहून द्रोणागिरीचा डोंगर बंदरापलीकडे नजरेच्या टप्प्यात आहे. तरीही मुंबईत ध्वनिमुद्रित झालेली ‘बिनाका गीतमाला’ त्या डोंगराच्या पायथ्याशी पोचे ती कोलंबोला वळसा घालून, रेडिओ सिलोनच्या लघुलहरींवरून! दर बुधवारच्या या द्राविडी प्राणायामाचे मूळ १९५२ सालात आहे. नभोवाणी मंत्री डॉ. बाळकृष्ण केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. अभिजात संगीताला आश्रय देण्याचा त्यांचा हेतू उदात्त होता, यात शंका नाही. परंतु मागणी हुकमाने मरत नाही. ती दुसरी बाजारपेठ शोधते. अमीन सयानींच्या निवेदनासाठी श्रोते आठवडाभर बुधवारची वाट पाहू लागले आणि जाहिरातींचा पैसाही परदेशी केंद्राकडे वळला. विविध भारती १९५७ मध्ये सुरू झाली. तीवर जाहिराती येण्यास मात्र १९६७ साल उजाडावे लागले. अभिरुची घडविणे हे शासनाला आपले कर्तव्य वाटले, तर त्यात वावगे काही नाही. पण श्रोत्याची निवड हिरावून घेऊन ती घडत नाही. आज लघुलहरी क्षीण झाल्या, माध्यमे बदलली. बंदीचा मोह मात्र सरलेला नाही. म्हणूनच त्या बुधवारांचा हिशेब राज्यकर्त्यांनी पुन्हा एकदा तपासून पाहावा.