सपाट वाट, समोरचा वारा आणि पायाखालचा बांध
जपानमधील कासुमिगाउरा सरोवराभोवतीच्या सायकलमार्गाची दोन बाजूंची कथा

टोकियोच्या ईशान्येस, रेल्वेने तासाभराच्या आसपासच्या अंतरावर, त्सुचिउरा हे शहर आहे. तेथील स्थानकाबाहेर सायकलवर बसलेला प्रवासी कासुमिगाउरा सरोवराला सुमारे १२५ किलोमीटरची पूर्ण प्रदक्षिणा घालून त्याच स्थानकापाशी परत येऊ शकतो आणि वाटेत त्याला नाव घेण्याजोगा चढ लागत नाही. ज्यांना एवढे अंतर झेपत नाही, ते सरोवरावरील मोठ्या पुलावरून मध्येच पलीकडे जातात. तेव्हा फेरी सुमारे ९० किलोमीटरची होते. या प्रदक्षिणेला स्थानिक बोलीत ‘कासुइची’ म्हणतात. ‘कासुमिगाउराची एक फेरी’ एवढाच त्याचा अर्थ.

जपानमध्ये सायकलवापराला चालना देणारा कायदा मे २०१७ मध्ये लागू झाला. त्यानंतर नोव्हेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने देशातील पहिले तीन ‘राष्ट्रीय सायकलमार्ग’ निश्चित केले. बिवा सरोवराची प्रदक्षिणा आणि बेटांना जोडणाऱ्या पुलांवरून जाणारा शिमानामी काइदो हे त्यांपैकी दोन. तिसरा त्सुकुबा-कासुमिगाउरा रिंग-रिंग रोड. पहिल्या दोहोंची छायाचित्रे पर्यटनाच्या पुस्तिकांवर सहज झळकतात. तिसऱ्याकडे मिरवण्यासारखे फारसे काही नाही. भातशेती, कमळाची तळी, पाणी, आणि क्षितिजावर ८७७ मीटर उंचीचा दोन शिखरांचा त्सुकुबा पर्वत, बस्स.

तरीही धोरणाच्या दृष्टीने हाच मार्ग अधिक अभ्यसनीय आहे. कारण तो बहुतांशी नव्याने बांधलेला नाही. सुमारे १८० किलोमीटरच्या या मार्गापैकी ४० किलोमीटरचा भाग म्हणजे त्सुचिउरा ते इवासे या बंद पडलेल्या रेल्वेमार्गाची पट्टी. १९१८ मध्ये सुरू झालेली ही गाडी १९८७ मध्ये थांबली. रूळ उखडले गेले, पण काही स्थानकांचे फलाट तसेच राहिले. आज त्यांवर सायकली टेकवून लोक विश्रांती घेतात. (आपल्याकडे विदर्भातील ‘शकुंतला’ रेल्वे थांबली, तेव्हा लोकांनी मागणी केली ती गाडी पुन्हा सुरू करण्याची. ज्या भागात दुसरी सोय नाही, तेथे ती मागणी समजण्याजोगी आहे.) उरलेला, सरोवराभोवतीचा मार्ग मुख्यतः पूरनियंत्रणाच्या बांधावरून जातो. दिशादर्शक फलक आणि रस्त्यावरील निळ्या खुणा तेवढ्या नंतर आल्या. त्सुचिउरा स्थानकाच्या इमारतीतच भाड्याच्या सायकली आणि सायकलस्वारांसाठीच्या सोयी उपलब्ध आहेत.

सपाट वाट म्हणजे सोपी वाट, हा समज मात्र येथे लवकर दूर होतो. सपाट प्रदेशात डोंगराची जागा वारा घेतो. सायकलस्वाराला होणारा हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी २५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्यावर समोरून ताशी १५ किलोमीटरचा वारा आला, तर त्याच्या दृष्टीने हवा ४० च्या वेगाने अंगावर येते आणि विरोध अडीच पटींहून अधिक होतो. सरोवराच्या उघड्या काठावर हा वारा अडवायला झाड नाही, घर नाही. हिवाळ्यात त्सुकुबा पर्वताच्या बाजूने कोरडा वारा उतरतो, तेव्हा अनुभवी मंडळीही वेग विसरून हलका गिअर धरतात.

फेरी गोलाकार असल्याने समोरचा वारा आणि पाठीवरचा वारा यांची फिटंफाट होईल, असे वाटते. तसे होत नाही. समजा, १२० किलोमीटरपैकी अर्धे अंतर ताशी ३० च्या वेगाने कापले आणि अर्धे १५ च्या. पहिल्या भागाला दोन तास लागतात, दुसऱ्याला चार. म्हणजे सरासरी साडेबावीस नव्हे, तर २० निघते. वाऱ्याविरुद्धचा काळच लांबतो. म्हणून जाणकार फेरीचा पहिला भाग वाऱ्याच्या तोंडावर आणि शेवटचा वाऱ्याच्या साथीने येईल अशी दिशा निवडतात, आणि गटाने जाणारे एकमेकांच्या आडोशाने आळीपाळीने पुढे राहतात.

दुसरी अडचण कमी सांगितली जाते. डोंगरात उतारावर पाय थांबतात, अंग सैल पडते. येथे उतारच नाही. तासन्‌तास तीच बैठक, तीच पायांची लय. तळहात, मान आणि कंबर आधी तक्रार करतात, मांड्या नंतर. थांबायचे ठरवून थांबावे लागते. बांधावर दूरवर दुकान नसते, सावली तर नसतेच.

दिशेबाबत आणखी एक साधी गोष्ट. जपानमध्ये वाहने आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. सरोवर डाव्या हाताला ठेवून, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने गेले, की सायकलस्वार पाण्याच्या कडेला राहतो आणि समोरून येणारी वाहने पलीकडे राहतात. बिवा सरोवराभोवती हीच दिशा सुचवली जाते.

या वाटेवर थांबायला भाग पाडणारी दृश्येही आहेत. जपानमधील कमळकाकडीच्या उत्पादनात इबाराकी प्रांत पहिला असून त्सुचिउराचा परिसर त्याचे केंद्र आहे. जुलै-ऑगस्टमध्ये बांधाच्या आतल्या बाजूला फुलांनी भरलेली तळी दिसतात. थंडीत त्याच तळ्यांत कंबरभर चिखलात उभा राहिलेला शेतकरी पाण्याचा जोरदार फवारा मारून कमळाची खोडे मोकळी करताना दिसतो. सरोवरात कधीकाळी वाऱ्याच्या जोरावर आडवे सरकत जाळे ओढणाऱ्या प्रचंड शिडांच्या होड्या असत. १८८० मध्ये येथेच निघालेली ही पद्धत यांत्रिक होड्यांपुढे १९६० च्या दशकात मागे पडली. आता त्या होड्या हंगामात पर्यटकांसाठी शिडे उभारतात. सायकलस्वाराला छळणारा वारा कोळ्यांचे पोट भरत होता, हे त्या पाहताना लक्षात येते.

आता बांधाविषयी. कासुमिगाउरा हा मुळात समुद्राचा आत शिरलेला भाग. सतराव्या शतकात तोने नदीचा प्रवाह पूर्वेकडे वळवण्यात आला, गाळ साचत गेला आणि खाडीचे उथळ सरोवर झाले. संबंधित जलाशयांसह त्याचे क्षेत्र सुमारे २२० चौरस किलोमीटर आहे, पण सरासरी खोली अवघी चार मीटर. असे पाणी पावसात पसरते. १९३८ आणि १९४१ च्या महापुरांनी काठावरील वस्त्यांची दैना केली. पुराचे आणि खाऱ्या पाण्याचे संकट रोखण्यासाठी १९६३ मध्ये सरोवराच्या मुखाकडील प्रवाहावर जलद्वार उभे राहिले. पुढे काशिमाच्या औद्योगिक पट्ट्याला, शेतीला आणि नळांना पाणी हवे होते. १९७० च्या दशकात सुरू होऊन १९९६ मध्ये पूर्ण झालेल्या प्रकल्पात काठ काँक्रीटने बांधून काढले गेले आणि सरोवर साठवणीचे जलाशय बनले.

काठावरच्या माणसाला त्यातून सुरक्षितता मिळाली, हे नाकारता येणार नाही. परंतु समुद्राशी असलेले नाते तुटताच मचूळ पाण्यातील शिंपले नाहीसे झाले. सांडपाणी आणि शेतातून येणारी पोषकद्रव्ये साचून १९७० च्या दशकात उन्हाळ्यात हिरव्या शेवाळाचे थर पाण्यावर पसरू लागले. १९७३ मध्ये पिंजऱ्यांतील कार्प मासे मोठ्या प्रमाणावर मेले. पोहण्याचे किनारे बंद पडले. प्रांताने १९८२ पासून या प्रदूषणाविरुद्ध स्वतंत्र नियम लागू केले. १९९५ मध्ये जागतिक सरोवर परिषद याच काठावर भरली. २००७ मध्ये ती जयपूरला झाली आणि २०१८ मध्ये पुन्हा इबाराकीत आली.

पोषकद्रव्ये शोषून घेणारी वेताळ गवतांची आणि लव्हाळ्यांची पट्टी बांधकामाच्या वेळी मोठ्या प्रमाणावर गेली होती. बांधावर आपटून परतणाऱ्या लाटांनी उरलेलीही उखडली. म्हणजे ज्या सलग, गुळगुळीत कडेवरून आज सायकल विनासायास धावते, त्याच कडेने सरोवराचा नैसर्गिक काठ पुसला. आपल्याकडे तलावांच्या ‘सुशोभीकरणा’त आधी दगडी भिंत आणि मग तिच्यावर फिरण्याची वाट, हा क्रम इतका रूढ झाला आहे की कासुमिगाउराचा हा अनुभव भारतीय नगरपालिकांनी वाचायला हवा.

जपानमध्ये दुरुस्तीचे प्रयत्न बांध न पाडता झाले. १९९५ पासून नागरिकांनी ‘असाझा प्रकल्प’ चालवला. असाझा ही पिवळ्या फुलांची पाण्यावर तरंगणाऱ्या पानांची वनस्पती. शाळकरी मुलांनी तिची रोपे वाढवून सरोवरात लावली. जंगलातील फांद्यांच्या मोळ्या काठापुढे रोवून लाटांचा मारा कमी करण्याचा प्रयत्न झाला. साठा वाढवण्यासाठी पाण्याची पातळी उंच ठेवण्याचे काम २००० मध्ये थांबवण्यात आले. त्यानंतर काही ठिकाणी तळाचा उपसलेला गाळ बांधाच्या पायथ्याशी पसरण्यात आला. त्या गाळात वर्षानुवर्षे निद्रिस्त असलेल्या बियांतून काठावरून नाहीशा झालेल्या वनस्पती पुन्हा उगवल्या. सगळी लागवड टिकली नाही, आणि पाणी अद्याप स्वच्छ म्हणावे असे झालेले नाही.

त्यामुळे आज प्रदक्षिणा घालणाऱ्याला दोन प्रकारचे काठ दिसतात. काही ठिकाणी काँक्रीटच्या उतारापुढे वेताळ गवताची रुंद पट्टी आहे. तिच्यातून पक्ष्यांचा आवाज येतो आणि पाणी मधूनमधूनच दिसते. इतरत्र चाकाखालचा उतार थेट पाण्यात उतरतो, आणि वारा असेल त्या दिवशी लाटेचे तुषार वाटेपर्यंत येतात.