सर्व्हिसिंगनंतरचा आवाज

घणसोली गावठाणातल्या अरुंद गल्ल्यांतून, जिथे दोन्ही बाजूंच्या भिंती मोटारीला जेमतेम वाट देतात, नुकतीच सर्व्हिसिंग करून आणलेली गाडी काचा खाली करून सावकाश हाकली, तर इंजिनाचा बारीकसा ध्वनीही भिंतीवर आदळून चालकाच्या कानी परत येतो. आणि जो आवाज कालपर्यंत नव्हता, किंवा निदान जाणवला नव्हता, तो येथे प्रथम प्रकट होतो. गाडी गॅरेजवाल्यानेच बिघडवली, असा निवाडा मालक तत्क्षणी देऊन मोकळा होतो. त्यात काकतालीय न्यायाचा दोष संभवतो हे खरे. झिजलेले बेअरिंग सर्व्हिसिंगच्या मुहूर्तावरही बोलू लागते. तथापि तपासाचा आरंभ म्हणून हा संशय मुळीच टाकाऊ नाही, कारण मिस्त्रीचा हात जिथे जिथे लागला, तिथेच प्रथम पाहणे हा या विद्येतील सर्वांत कमी खर्चाचा मार्ग होय. म्हणून आधी जॉब कार्ड मागावे आणि काय काय बदलले, काय उघडले, कोणत्या ग्रेडचे तेल किती घातले, याची खातरजमा करावी.

बहुतेक वेळा प्रकरण तेलापाशीच येऊन थांबते. सकाळी थंड इंजिन सुरू करताच क्षणभर खडखड होऊन ती विरली, तर नव्या ऑइल फिल्टरकडे पाहावे. अनेक फिल्टरांत तेल रात्रभर अडवून धरणारी एक लहानशी झडप असते. ती निकृष्ट असली म्हणजे तेल खाली चेंबरमध्ये उतरते आणि सकाळी वरच्या भागांना काही क्षण कोरडेच फिरावे लागते. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली आणि तिच्यावर नवा फिल्टर चढवला, तर तेथून तेल वेगाने गळू लागते, व हा प्रमाद वाटतो त्याहून पुष्कळ अधिक घातक आहे. तेल कमी पडले तर दाब घटतो. पण ते जास्त भरले तरी फिरता क्रँकशाफ्ट त्याला घुसळतो, त्यात हवा मिसळून फेस होतो, आणि फेसाळ तेल वंगणाचे काम नीट करीत नाही, ही गोष्ट ‘थोडे जास्तच घाला’ म्हणणाऱ्या उदार मालकांच्या गावीही नसते. सपाट जागी गाडी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी डिपस्टिक पाहावी. पातळी दोन खुणांच्या मध्येच हवी.

इंजिनाच्या झडपा उघडणाऱ्या टॅपेटच्या टिकटिकीला मुंबईकरांच्या कानात एक इतिहास आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या पद्मिनी मोटारीचे टॅपेट मिस्त्री फीलर गेजच्या पातळ पट्ट्या घालून हाताने जुळवीत. फट किंचित मोठी राहिली की टिकटिक, अगदीच लहान राहिली की आवाज नाही पण झडप नीट बसत नसल्याने जळण्याची भीती. म्हणजे शांतता ही नेहमी आरोग्याची खूण नव्हेच. आज अनेक इंजिनांत ही फट तेलाच्या दाबाने आपोआप सांभाळली जाते, म्हणून तिथे टिकटिक ऐकू आली की स्क्रू शोधण्याआधी तेल तपासावे. तिची लय ओळखण्याजोगी असते: कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या गतीने फिरत असल्यामुळे, इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांनी चालू असताना एका टॅपेटचा ठोका मिनिटाला ४०० वेळा पडतो. जवळजवळ तशीच, पण फुसफुसती चुकचुक आणि सोबत पेट्रोलचा वास आला, तर स्पार्क प्लग पुरता आवळलेला नाही असे समजावे.

गावठाणातून बाहेर पडून ठाणे-बेलापूर रस्त्यावर वेग घेतल्यावरच जो फडफडाट सुरू होतो, तो इंजिनाचा नसतोच. खालचा प्लास्टिकचा गार्ड परत बसवताना क्लिप राहून गेलेल्या असतात. वेग देताच सुस्कारल्यासारखा आवाज येत असेल तर एअर फिल्टरची पेटी किंवा एखादी नळी नीट बसलेली नाही. बेल्ट किंचाळत असेल तर तो सैल आहे, आणि फार ताणला असेल तर बेअरिंग कण्हते. मात्र पदर, ओढणी वा सैल बाही सावरल्याखेरीज चालू इंजिनावर कोणी वाकू नये. डॅशबोर्डमागची खळखळ कूलंटमध्ये अडकलेल्या हवेची असते. महापेहून शिळफाट्याकडे जाताना चढावर भार पडला की जो खोल, जड ठोका उमटतो, तो मात्र या सर्वांहून निराळा: तो कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा असू शकतो, आणि त्यासाठी गाडी तत्काळ जाणत्या मिस्त्रीकडे गेली पाहिजे.

तक्रार करताना ‘काहीतरी वाजते’ एवढीच कैफियत देऊ नये. थंड असताना की तापल्यावर, उभ्या गाडीत की धावत्या, गिअर टाकल्यावर की न टाकता, हे सांगावे. शक्य तर आवाज मोबाइलवर टिपून न्यावा, कारण गॅरेजच्या दारात पोचताच तो बहुधा गप्प बसतो. आणि आवाजासोबत तेलाचा लाल दिवा लागला, तर इंजिन त्याच जागी बंद करावे. तो दिवा तेलाचा दाब पडल्याचे सांगतो, आणि अशा अवस्थेत गॅरेजपर्यंतचे दोन किलोमीटरसुद्धा इंजिन निकामी करायला पुरे पडतात. गाडी ओढूनच न्यावी.