कायद्यातील ‘शॅल’

इंग्रजीतील ‘शॅल’ हे साहाय्यक क्रियापद आपण शाळेत भविष्यकाळाची खूण म्हणून शिकतो. कायद्याच्या भाषेत मात्र ते बहुधा काळ दाखवीत नाही, कर्तव्य सांगते. भारतीय संविधानाच्या ५२ व्या अनुच्छेदानुसार भारताला एक राष्ट्रपती ‘असेल’. हे भाकीत नव्हे, आज्ञा होय.

परंतु अशी आज्ञा पाळली गेली नाही, तर केलेली कृती रद्दच ठरते काय? १९५७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न आला. उत्तर प्रदेशातील एका सरकारी नोकरावर शिस्तभंगाची कारवाई झाली होती. अशा बाबतीत लोकसेवा आयोगाचा सल्ला घेतला जाईल, असे ३२० वा अनुच्छेद सांगतो. तेथे शब्द ‘शॅल’ हाच आहे. सल्ला रीतसर घेतला गेला नाही, म्हणून कारवाई अवैध आहे, असे नोकराचे म्हणणे होते.

न्यायालयाने ते मान्य केले नाही. आयोगाचा सल्ला सरकारवर बंधनकारक नसतो. काही बाबी नियम करून सल्ल्यातून वगळण्याची मुभा त्याच अनुच्छेदात आहे. आणि सल्ला न घेतल्यास काय व्हावे, हे संविधानाने सांगितलेले नाही. म्हणून येथील ‘शॅल’ आदेशात्मक नसून निदेशात्मक आहे, असा निर्णय झाला. म्हणजे सरकारने सल्ला घ्यावा हे खरे. पण तो न घेतल्याने कारवाई रद्द होत नाही.

याउलट ३११ वा अनुच्छेद पाहावा. आरोप कळवून, बाजू मांडण्याची वाजवी संधी देऊन चौकशी केल्याखेरीज नागरी सेवेतील कोणालाही बडतर्फ केले जाणार नाही, असे तो सांगतो. क्रियापद तेच आहे. मात्र वाक्य नकारात्मक आहे, आणि ते प्रत्यक्ष नोकराला संरक्षण देते. काही ठरावीक अपवाद सोडले, तर हा नियम मोडून केलेली बडतर्फी टिकत नाही.

एकाच शब्दाने एकाची नोकरी वाचते, दुसऱ्याची वाचत नाही. म्हणून कायदा वाचताना केवळ शब्दकोश उघडून भागत नाही. तरतुदीचा हेतू काय, ती कोणाच्या हक्काचे रक्षण करते आणि तिचा भंग झाल्यास काय परिणाम सांगितला आहे, हे पाहूनच क्रियापदाचे बळ ठरवावे लागते.