काखेंतील पहारेकरी आणि निळा रंग

विज्ञानाच्या तासाला गालाच्या आंतील पेशी सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावयाच्या असल्या म्हणजे कांचेवर मिथिलीन ब्लूचा एक थेंब टाकावा लागतो, हें आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. हा रंग १८७६ सालीं जर्मनींत कापड रंगविण्याकरितां तयार झाला. १८९१ सालीं पॉल एर्लिख यांनीं तो हिवतापाच्या रोग्यांस देऊन पाहिला. तोच रंग आज स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेंत कित्येक स्त्रियांचे हात शाबूत राखीत आहे. तें कसें, हें येथें थोडक्यांत सांगूं.

रक्तवाहिन्यांखेरीज शरीरांत आणखी एका प्रकारच्या वाहिन्या असतात. त्यांतून लसीका नांवाचा पातळ रस वाहतो, आणि वाटेंत घेवड्याच्या दाण्यासारख्या ग्रंथि तो गाळून पुढें सोडतात. स्तनांतील बहुतेक लसीका काखेंतील ग्रंथींकडे जाते. कर्करोगाच्या पेशी स्तनाबाहेर पडल्या तर पुष्कळदां याच वाटेनें जातात. म्हणून पूर्वीं शल्यवैद्य काखेंतील बहुतेक सर्व ग्रंथि काढून टाकीत. पुढें कित्येक स्त्रियांचा हात सुजे व खांदा आखडे. घागर उचलणें किंवा मूल कडेवर घेणें अवघड होई. आणि अनेकींच्या काखेंत तर रोग मुळीं पोहोंचलेलाच नसे!

आमच्या वसईच्या वाड्यांत पाटाचें पाणी तोंडाजवळच्या वाफ्यास प्रथम मिळतें, मग पुढच्यांस. पाटांत रंग कालविला तर पहिला वाफा कोणता, हें रंगच दाखवील. शल्यवैद्यांची युक्ति अशीच आहे. स्तनांत थोडा निळा रंग टोंचून, कांहीं मिनिटें चोळून, मग काखेंत छेद घेतात. जी ग्रंथि प्रथम निळी होते ती पहारेकरी ग्रंथि. अशा एकदोन ग्रंथि काढून तपासतात. त्या निर्दोष असल्या तर बाकीच्यांस हात लावीत नाहींत. रोग आढळलाच तर पुढील उपाय वैद्य ठरवितात.

अमेरिकेंत क्रॅग यांनीं १९९३ सालीं किरणोत्सारी द्रव्यानें, व जुलियानो यांनीं १९९४ सालीं निळ्या रंगानें, स्तनाच्या कर्करोगांत ही ग्रंथि शोधून दाखविली. किरणोत्सारी द्रव्य म्हणून टेक्नेशियम वापरतात. त्याचा जोर दर ६ तासांनीं निम्मा होतो, आणि ग्रंथीवर यंत्र धरतांच तें आवाज करून ठिकाण सांगतें. इंडोसायनिन ग्रीन हा तिसरा मार्गदर्शक. तो विशेष प्रकाशांत कॅमेऱ्यास चमकतांना दिसतो. प्रत्येकाच्या मर्यादा आहेतच. मिथिलीन ब्लू स्वस्त, पण त्वचेंत उथळ टोंचला तर जखम करूं शकतो. दुसऱ्या कांहीं निळ्या रंगांचें क्वचित् रोग्यास तीव्र वावडें निघतें. टेक्नेशियमला खास व्यवस्था लागते, आणि ती प्रत्येक गांवच्या रुग्णालयांत कोठून असणार?

या प्रश्नाचा विचार आपल्या जवळच झाला आहे. परळ येथें १९४१ सालीं उघडलेल्या टाटा स्मारक रुग्णालयांतील शल्यवैद्यांनीं काखेच्या खालच्या भागांतील ठराविक चरबी तींतील ग्रंथींसह काढून तपासण्याची साधी पद्धति, रंग व किरणोत्सारी द्रव्य यांच्या पद्धतीशीं ताडून पाहिली. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत दोन्हींची अचूकता जवळजवळ सारखी ठरली. साधनें थोडीं असलीं तरी नेमकेपणा साधतां येतो, हा धडा विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

मात्र काखेंतील ग्रंथि वाढून हातास लागूं लागल्या म्हणजे ही सवलत सहसा मिळत नाहीं. स्तनांतील गांठ आरंभीं बहुधा दुखत नाहीं. म्हणून आणि संकोचानें ती महिनेमहिने लपविली जाते. प्रत्येक गांठ कर्करोगाची नसते. पण ती कशाची, हें वैद्यानेंच सांगावें. मातांनीं दुखण्याची वाट पाहूं नये. आणि मुलांनो, घरांत आई, आजी किंवा मावशी अशा गांठीविषयीं दबक्या आवाजांत बोलली, तर तिला वैद्याकडे लवकर घेऊन जाण्याचा आग्रह तुम्हीच धरा.